शेल्फावरच्या चोवीस बाटल्या

नोकरीच्या पहिल्या दिवशी माझ्या साहेबांनी मला अळूचं पान दिलं. ओलं, देठासकट, कोपरीत त्यांच्या बिल्डिंगमागच्या सांडपाण्यावर वाढलेलं. मी एम.एस्सी. झालेली, आठ महिने घरी बसून सगळ्या नातेवाइकांचं 'मग पुढे काय?' ऐकून विटलेली, कडक इस्त्रीचा कुर्ता घालून डोंबिवलीच्या एमआयडीसीत पोचलेली. आणि समोरचा साठीला टेकलेला माणूस मला भाजीचं पान देतोय. मला वाटलं, हे बहुतेक कॅन्टीनचे असावेत.

त्यांनी पान माझ्या तळहातावर पसरलं आणि ड्रॉपरने त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब गोल राहिला. हात जरा हलला की पानभर पळायचा आणि मागे ओल ठेवायचा नाही. मग त्यांनी साबणाच्या पाण्यात बुडवलेली टाचणी त्याला टेकवली. थेंब मटकन बसला, चपटा झाला, पानाला चिकटला. "काय बघितलंस?" त्यांनी विचारलं. मी सरफेस टेन्शनची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. ते म्हणाले, ते पुस्तकात आहे, तू काय बघितलंस? मी म्हटलं, थेंब बसला. "हां," म्हणाले, "आता तुझं टेबल ते खिडकीजवळचं."

आमचा कारखाना छोटा होता. तान्ह्या मुलांसाठी व्हिटॅमिनचं टॉनिक बनायचं, दुधासारखं पांढरं, ड्रॉपरने रोज दहा थेंब द्यायचं. व्हिटॅमिन तेलात असतं आणि टॉनिक पाण्यातलं, म्हणजे तेलाचे डोळ्यांनाही दिसणार नाहीत इतके बारीक थेंब करून ते पाण्यात तरंगत ठेवायचे. ते तसे किती दिवस राहतात हे बघणं हे साहेबांचं काम. ते सांगायचे, "तेलाला पाण्यात राहायचं नसतं. आपण त्याला फसवून ठेवलंय. किती दिवस फसेल ते सांगायचं, एवढंच आपलं खातं." मला आधी हे ऐकून हसू आलेलं. नंतर मीच ट्रेनी मुलांना अगदी याच शब्दांत सांगायला लागले.

कामगार त्यांना थेंबसाहेब म्हणायचे, तोंडावरसुद्धा. त्यांना काही वाटायचं नाही. चहा काचेच्या ग्लासात घ्यायचे, कोरा, आणि दूध वेगळं मागवायचे. चमच्याच्या टोकावरून दुधाचा एकच थेंब चहात सोडायचा आणि ग्लास डोळ्यांसमोर धरून तो खाली उतरताना बघायचा. त्याची एक कडी व्हायची, ती तुटायची, तिच्या आणखी बारक्या कड्या व्हायच्या. हे रोज. तीस वर्षं रोज. मी एकदा वैतागून म्हटलं की सर, तो दरवेळी तसाच जातो. ते म्हणाले की नाही, परवा त्याच्या पाच झाल्या होत्या, आज सहा. तोवर चहा पार निवलेला असायचा आणि ते तो एका दमात पिऊन टाकायचे.

कॅन्टीनमध्ये शनिवारी घावनं असायची. आचारी तवा तापला का बघायला पाणी शिंपडायचा. तवा नीट तापला नसेल तर थेंब चर्र करून उडून जातात. फार तापला की तेच थेंब गोळ्या होऊन तव्यावर नाचत फिरतात आणि किती तरी वेळ टिकतात. साहेब रांगेत पहिले. "परत शिंपड," म्हणाले. आचाऱ्याने शिंपडलं. "अजून एकदा." असं पाच-सहा वेळा झालं, मागे चाळीस माणसं ताटल्या घेऊन उभी, आणि तवा इतका तापला की पहिलं घावन कोळसा. ते त्यांनी स्वतःच्या ताटात मागून घेतलं आणि पूर्ण खाल्लं. पुढच्या शनिवारी आचाऱ्याने त्यांना सगळ्यांत शेवटी उभं केलं.

त्यांच्या घरी गणपतीत गेलेले, तेव्हा काकूंनी मला बाजूला घेऊन त्यांच्या लग्नानंतरच्या पहिल्या जेवणाची गोष्ट सांगितली. नवी नवरी, जीव तोडून आमटी केलेली. नवरा वाटी उचलून खिडकीशी गेला आणि वाटीत बघत उभा राहिला. काकूंना वाटलं, झुरळ पडलं. रडायच्याच बेतात होत्या. मग यांनी हाक मारून दाखवलं की तेलाचे दोन तवंग कसे एकमेकांजवळ येतात, जरा थांबतात, आणि एक होतात. "आमटी कशी झालीय ते आजतागायत सांगितलं नाही," काकू म्हणाल्या. पण हे सांगताना हसत होत्या.

मी तशी उतावळी बाई. रांगेत उभी राहिले की माझा पाय हलतो, कोणी हळू बोललं की त्याचं वाक्य मीच पुरं करते. आता घोडबंदर रोडला राहते, रोज माजिवड्याला गाडी अर्धा तास अडकते आणि मी स्टिअरिंगवर बोटं आपटत सगळ्यांना शिव्या घालते. अशा बाईला नेमका हा साहेब मिळाला. ते कधी घाई करायचे नाहीत आणि कधी ओरडायचेही नाहीत. संध्याकाळी निघताना खात्यातल्या प्रत्येकाला एकच विचारायचे, "आज काय बघितलंस?" काही तरी एक सांगावं लागायचं. बीकरला तडा गेला, बाहेर भारद्वाज आला होता, काहीही चालायचं. फक्त 'काही नाही' चालायचं नाही.

लॅबच्या मागे एक अंधारी खोली होती. तिथे लाकडी शेल्फ, शेल्फावर चोवीस बाटल्या, साध्या पारदर्शक काचेच्या. प्रत्येकीच्या गळ्याखाली लेबल, त्यावर शाईने लिहिलेला नंबर, बाकी काही नाही. भिंतीवर साहेबांच्या अक्षरात पाटी: 'हात लावू नये. बघावे.' त्या खोलीचं दार आपटायचं नाही, जड पाय टाकत जायचं नाही. साहेब स्वतः रोज सकाळी विजेरी घेऊन आत जायचे, एकेक बाटली जागेवरच बघायचे आणि बाहेर येऊन रजिस्टरमध्ये लिहायचे.

त्याचं कारण असं. धाकटे मालक नुकतेच कारभार बघायला लागले होते आणि त्यांनी टॉनिकमधला एक घटक बदलायचं ठरवलं होतं. नवा घटक स्वस्त होता आणि गरम कपाटात ठेवून केलेल्या चाचणीत पास झाला होता. साहेबांचं म्हणणं, गरम कपाटातली बाटली म्हणजे पोलीस चौकीतला कबुलीजबाब, त्यावर माझा विश्वास नाही. बाटली घरातल्या फळीवर असते तशी ठेवून बघू. म्हणून बारा बाटल्या जुन्या टॉनिकच्या आणि बारा नव्या, सरमिसळ करून. कुठला नंबर कशाचा ते फक्त साहेबांच्या ड्रॉवरमधल्या कागदावर. ते थेंब वर वर जायला लागले तर वरती सायीसारखी कड धरते. सगळं व्हिटॅमिन त्या कडेत. आणि ड्रॉपर बुडतो खाली. म्हणजे बाळाला पहिले पंधरा दिवस नुसतं गोड पाणी, आणि बाटली संपत आली की सगळं व्हिटॅमिन एकदम.

मालक म्हणाले की त्यात काय, लेबलवर छापू, बाटली हलवून घ्या. हलवली की ती साय परत पांगते, हे खरंच होतं. साहेबांनी वाद घातला नाही. ते कोपरीत ओळखीच्या घरांतून हिंडले, जिथे जिथे तान्हं मूल होतं तिथे, आणि बाळाला औषध देताना आया काय करतात ते बघत बसले. आल्यावर मला सांगितलं की एका हातावर बाळ रडतंय, दुसऱ्या हातात बाटली, झाकण दातांनी उघडतात. हलवली एकीनेच, तीही मी बघतोय म्हणून. मालकांना हेही सांगितलं. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत तुमची ती कड मला डोळ्यांनी दाखवा, मी थांबवतो. नाही दाखवलीत तर माल बाहेर. साहेब पुढच्या मार्चमध्ये रिटायर होणार होते.

मी लागले तेव्हा बाटल्यांना सात महिने झाले होते. मला हे सगळं माहीत होतं, अगदी तोंडपाठ. माहीत असणं आणि डोक्यात शिरणं यांत किती अंतर असतं ते मला खंडेनवमीला कळलं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांची पूजा. आदल्या दिवसापासून सगळा कारखाना धुऊन काढायचा, मशीनला झेंडूच्या माळा, लॅबच्या वजनकाट्यालासुद्धा हळदकुंकू. साहेब कुलाचाराला गावी गेलेले. धाकटे मालक पूजेला लॅबमध्ये येणार होते आणि मी पदर खोचून साफसफाईला लागलेले. आमच्या घरात दसऱ्याला पंख्याचं पातंसुद्धा पुसल्याशिवाय पाणी प्यायचं नाही, असे संस्कार. मागच्या खोलीत गेले तर शेल्फावर दहा महिन्यांची धूळ. बाटल्यांवर बोट फिरवलं तर काळं झालं. लॅबमधले मामा, जवळच्याच गावातले, दारातून म्हणाले, "हात नको लावू गो बाय, साहेब कावतील." मी म्हटलं, मामा, ती पाटी तुमच्यासाठी आहे, मी केमिस्ट आहे.

ऐकताय ना? मी केमिस्ट आहे.

चोवीसच्या चोवीस बाटल्या खाली उतरवल्या. ओल्या फडक्याने पुसल्या. उलट्या करून बुडं पुसली. काहींच्या गळ्याशी पिवळट डाग होता, तो फडक्याने निघेना. मी जोर लावला, साबण लावला, तरी निघेना. मग बाटली उलटी केली आणि परत सरळ केली तर डाग गायब. मला केवढा आनंद झाला. मग सगळ्या बाटल्या नंबराने नीट ओळीत मांडल्या आणि प्रत्येकीपुढे एकेक झेंडूचं फूल ठेवलं. धाकटे मालक म्हणाले, वा, छान ठेवलंय.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले आणि विजेरी घेऊन आत गेले. मी मागोमाग, शाबासकी घ्यायला. ते शेल्फासमोर उभे राहिले. बराच वेळ. मग एक बाटली न उचलता, वाकून तिचं लेबल बघितलं, मग दुसरीचं, तिसरीचं. काही लेबलांवरची शाई माझ्या घासण्याने फिसकटली होती. मला वाटलं त्यावरून बोलतील.

त्यांनी विचारलं, उलट्या केल्या होत्यास का. मी म्हटलं, हो, बुडं पुसायला. ते 'बरं' म्हणाले, बाहेर आले, रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, 'बाटल्या हलल्या.' एवढंच. कोणी हलवल्या ते लिहिलं नाही. मग चहा मागवला आणि त्यात दुधाचा थेंब सोडून बघत बसले.

ते आत गेल्यावर मी रजिस्टरची मागची पानं उलटली. शेवटच्या महिन्यात पाच नंबरांपुढे रोज एकच नोंद होती: 'कड, केसाएवढी, पिवळट.' जरा जाड झाली की ते मालकांना दाखवणार होते. तो डाग नव्हता. आणि तो बाहेरून नव्हता, म्हणून निघत नव्हता. थेंब दहा महिने चढून वर गेलेले आणि मी एका झटक्यात त्यांना परत खाली पाठवलेलं. आता पुन्हा कड धरायची तर पुन्हा दहा महिने. तोवर साहेब घरी आणि माल दुकानात.

फोटो नव्हता का, असं कोणीही विचारेल. काढले होते, पण पांढऱ्यावरची ती पिवळट रेघ काचेच्या चकाकीत हरवून जायची. उरलं फक्त साहेबांचं रजिस्टर, आणि मालक आधीच म्हणाले होते की तुम्हाला नवं टॉनिक नकोच आहे, तुम्हाला कड दिसणारच. ती कड आणखी एका माणसाने बघितली होती. त्या माणसाला कुठली बाटली कशाची ते माहीत नव्हतं आणि कड म्हणजे काय तेही कळलं नव्हतं. म्हणजे मी. हे माझ्या लक्षात आलं आणि मी गप्प बसले.

का बसले ते साफ सांगते. माझं प्रोबेशन चालू होतं. रजिस्टरमध्ये माझं नाव नव्हतं आणि साहेब ते कोणापुढे काढतील असं वाटत नव्हतं. मी कड बघितली म्हणायचं तर मी बाटल्या हलवल्या हे म्हणणं आलं. आठ महिने घरी बसलेली मुलगी पुन्हा घरी बसणार. मी रात्री उशीवर रोज ठरवायचे की उद्या सांगायचं. सकाळी साहेब नेहमीसारखे बोलायचे, नवं काही शिकवायचे, आणि माझं धैर्य बसकण मारायचं. संध्याकाळी ते विचारायचे, आज काय बघितलंस. मी सांगायचे, गेटवरच्या कुत्रीला चार पिल्लं झाली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मालकांनी मीटिंग बोलावली. ट्रेमध्ये बाटल्या घेऊन मला जायला सांगितलं होतं, आता हलल्या तरी फरक पडणार नव्हता. साहेबांनी आधीच सांगून टाकलं की दसऱ्याच्या साफसफाईत बाटल्या हलल्या, कड गेली. मालकांनी विचारलं, कोणी हलवल्या? साहेब म्हणाले, खातं माझं आहे. मालकांनी बाटल्या एकेक करून उजेडात धरल्या. सगळ्या एकसारख्या पांढऱ्याशुभ्र. ते वाईट माणूस नव्हते, उलट जरा ओशाळलेच. म्हणाले, काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण मला दिसतंय त्यावर मी निर्णय घेणार. दिवाळीनंतर सुरू करू या.

साहेब एक हात खिशात घालून खाली बघत बसले होते. वर पंखा फिरत होता आणि मालक पेनाचं टोपण लावत होते.

"मी हलवल्या," मी म्हटलं. "आणि हलवायच्या आधी मी कड बघितली. मला डाग वाटला. मी घासत होते."

मालकांनी विचारलं, कुठल्या बाटल्यांवर? दोन आठवडे होऊन गेलेले, मला नंबर आठवेनात. मग ट्रेकडे बघितलं आणि दिसलं. ज्या घासल्या त्यांचीच शाई फिसकटली होती. मी त्या बाजूला काढल्या. पाच निघाल्या. साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं, तेच पाच नंबर. मग ड्रॉवरमधला कागद मागवला. पाचही नव्या टॉनिकच्या. जुन्यांपैकी एकही नाही. मालक बराच वेळ त्या फिसकटलेल्या लेबलांवर अंगठा फिरवत बसले. मग टोपण काढून त्यांनी काही तरी लिहिलं आणि म्हणाले, थांबवू या. माझं प्रोबेशन तीन महिने वाढलं. मला ते कमीच वाटलं.

साहेब ठरल्याप्रमाणे मार्चमध्ये रिटायर झाले आणि त्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. कोपरीत पिठलंभात खायला मी शेवटपर्यंत जायचे. पण त्या दिवसाबद्दल आम्ही एकदाच बोललो, त्याच संध्याकाळी, मीटिंगनंतर.

लॅबमध्ये आम्ही दोघंच होतो. मी रडून मोकळी झाले होते आणि मला ते शाबास म्हणतील असं कुठेतरी वाटत होतं. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. मी उघडली. पाच नंबर. तेच पाच.

लेबलं बघूनच त्यांना कळलं होतं. कोणी, कुठे, कशासाठी घासलं, सगळं.

"मी बोलले नसते तर?" मी विचारलं.

"तर मी बोललो असतो. तुझं नाव घेऊन."

मला राग आला. मी म्हटलं, मग मला आधी विचारलं का नाही? मी दिलं असतं उत्तर.

"विचारलं असतं तर उत्तर दिलं असतंस," ते म्हणाले. "सांगितलं नसतंस."

आणि ते हात धुवायला गेले. मी चिठ्ठी परत घडी घालायला लागले तेव्हा कोपऱ्यातली तारीख दिसली. ते काहीही लिहिलं की तारीख घालायचे, सवयच होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख. म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त दिवस हा माणूस ती खिशात घेऊन माझ्यासमोरच्या टेबलावर बसला होता, मला शिकवत होता, कुत्रीची पिल्लं आता केवढी झाली ते विचारत होता.